कल ईलाच्या तीन बाटल्या: स्वतंत्र बॉटलरच्या सिंगल माल्टची तुलना कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कल ईला या स्कॉटलंडमधल्या डिस्टिलरीच्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या तीन बाटल्या जमल्या आहेत. पहिली डिस्टिलरीची स्वतःची, १२ वर्षांची, ४३ टक्क्यांची. दुसरी एका स्वतंत्र बॉटलरची, म्हणजे इतरांच्या डिस्टिलरीतली व्हिस्की घेऊन स्वतःच्या नावाने बाटल्या भरणाऱ्याची, तीही १२ वर्षांची, रिफिल हॉग्सहेडमधली (व्हिस्कीसाठी आधी वापरलेल्या मोठ्या पिंपातली), ४६ टक्के. तिसरी वेगळ्या बॉटलरची, ११ वर्षांची, शेवटचे काही महिने शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात ठेवलेली, ५७.४ टक्के. तिन्ही एकाच संध्याकाळी चाखल्या तेव्हा पहिली पाणचट, दुसरी फिकी आणि तिसरी जबरदस्त वाटली. मग तिसऱ्या बॉटलरवर विश्वास टाकून त्याच्याच आणखी बाटल्या घ्याव्यात का?

इतक्यात नको. त्या संध्याकाळी तुलना झाली ती अल्कोहोलच्या टक्क्यांची आणि शेरीची. या तीन बाटल्यांत किमान चार गोष्टी एकदम बदलतात: टक्केवारी, लाकूड, थंड करून गाळलेली (चिल-फिल्टर केलेली) आहे की नाही, आणि अनेक पिंपांची मिळून केलेली आहे की एकाच पिंपातली. यातल्या कुठल्या गोष्टीमुळे तिसरी आवडली ते तशा चाखण्यातून कळणं शक्यच नाही. जोरदार व्हिस्की सौम्य व्हिस्कीशेजारी ठेवली की पहिल्या फेरीत जोरदारच जिंकते, हे जवळजवळ ठरलेलं असतं. बॉटलरचं कौशल्य जोखायचं असेल तर आधी बाकीचे फरक एकेक करून बाजूला काढावे लागतात. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी बॉटलरच्या हातात नेमकं काय असतं ते पाहू. स्कॉटलंडमधल्या बहुतेक डिस्टिलऱ्यांचं बरंचसं स्पिरिट ब्लेंडसाठी, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्र व्हिस्कीसाठी, जातं. कल ईलाचंही तसंच आहे. आयले बेटावर पोर्ट आस्केगजवळ १८४६ पासून असलेली आणि १९७४ साली सहा पॉट स्टिलसह नव्याने बांधलेली ही डिस्टिलरी जॉनी वॉकरसाठी मोठा माल पुरवते. ब्लेंड करणाऱ्या कंपन्या आपसांत पिंपांची अदलाबदल करतात, जास्तीची पिंपं दलालांमार्फत विकली जातात, आणि त्यातली काही स्वतंत्र बॉटलरकडे पोहोचतात. म्हणूनच लिंकवुड, बेनरिनेस, ग्लेनबर्गी, ग्लेनटॉकर्स अशी नावं दुकानातल्या अधिकृत बाटल्यांवर क्वचित आणि स्वतंत्र बॉटलरच्या लेबलांवर सर्रास दिसतात.

आता बॉटलर काय करतो याचे तीन प्रकार आहेत आणि चवीच्या दृष्टीने ते फार वेगळे आहेत. काही जण तयार झालेलं पिंप चाखून विकत घेतात आणि बाटल्या भरतात. तिथे बॉटलरचं योगदान निवडीपुरतं असतं. काही जण घेतलेली व्हिस्की दुसऱ्या पिंपात घालतात, म्हणजे फिनिश देतात. आणि काही थोडे जण स्वतःची रिकामी पिंपं डिस्टिलरीत पाठवून ताजं स्पिरिट त्यात भरून घेत आले. एल्गिनचं गॉर्डन अँड मॅकफेल, स्थापना १८९५, हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. बेनरोमाक आणि केर्न या स्वतःच्या दोन डिस्टिलऱ्यांकडे लक्ष द्यायचं म्हणून इतरांच्या डिस्टिलऱ्यांत पिंपं भरणं २०२४ पासून थांबवत असल्याचं त्यांनी २०२३ साली जाहीर केलं. आधी भरलेला साठा मात्र अजून कित्येक वर्षं बाटलीत येत राहील. अशा बाटलीत लाकूड हे बॉटलरचं स्वतःचं असतं, त्यामुळे त्याच्या नावाला चवीच्या बाबतीत खरा अर्थ असतो. कॅडनहेड्स १८४२ पासूनचं, आज स्प्रिंगबँकच्या मालकांकडे, मुक्काम कॅम्पबेलटाउन. सिग्नेटरी १९८८ चं, २००२ पासून एड्राडाउर डिस्टिलरीही त्यांचीच. एडिनबरोच्या लीथ भागातली स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी १९८३ ची. ती बाटलीवर डिस्टिलरीचं नाव न छापता क्रमांक छापते. कल ईलाचा क्रमांक ५३, तेव्हा ५३ नंतर बिंदू आणि पुढे आकडा दिसला तर ते कल ईलाचं एक विशिष्ट पिंप.

उलट डिस्टिलरीची स्वतःची १२ वर्षांची बाटली ही कितीतरी पिंपं एकत्र करून, दर वर्षी तीच चव यावी म्हणून जुळवलेली असते. त्यात कुठल्याही एका पिंपाचा हट्ट दिसत नाही. एका पिंपातल्या बाटलीत तो दिसतो, चांगला असो वा वाईट. म्हणून अधिकृत बाटलीला कमी लेखू नका. तुलनेत ती मोजपट्टी असते. इतर प्रत्येक बाटली तिच्यापासून कुठल्या दिशेने आणि किती सरकली आहे, हेच आपल्याला शोधायचं असतं.

लेबल वाचायला शिकलं की निम्मं काम बाटली उघडण्याआधीच होतं. गाळल्याची, म्हणजे डिस्टिलेशनची, तारीख, बाटलीत भरल्याची तारीख, पिंपाचा प्रकार, पिंपाचा क्रमांक, बाटल्यांची संख्या आणि टक्केवारी या सहा गोष्टी पाहा. वय पूर्ण झालेल्या वर्षांतच लिहितात. डिसेंबर २०१० मध्ये गाळलेली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये भरलेली व्हिस्की ११ वर्षांचीच, जरी तिला बारावं वर्ष पुरं व्हायला महिनाच बाकी असला तरी. त्यामुळे ११ आणि १२ हा लेबलावरचा फरक प्रत्यक्षात काही आठवड्यांचाही असू शकतो.

बाटल्यांच्या संख्येचा हिशोब करून पाहावा. अमेरिकन बॅरल सुमारे २०० लिटरचं, हॉग्सहेड २५० चं, बट ५०० चं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं असं धरा. २५० लिटरच्या हॉग्सहेडमध्ये १२ वर्षांनी सुमारे १९६ लिटर उरतं, म्हणजे ७० सेंटिलिटरच्या २८० बाटल्या. ती ५७ टक्क्यांवरून ४६ वर आणली तर पाणी मिळून साधारण ३४५ होतात. मूळ ताकदीच्या एका हॉग्सहेडच्या नावावर ६०० बाटल्या लिहिल्या असतील तर एकाहून जास्त पिंपं मिसळलेली आहेत, आणि बहुतेक वेळा लेबलावर दोन पिंपांचे क्रमांक शेजारी-शेजारी दिसतातही. संख्या कमी असेल तर शंका घ्यायचं कारण नाही, कारण एकच पिंप दोन-तीन ग्राहकांत वाटून भरलेलं असू शकतं.

पिंपाच्या वर्णनात सर्वांत फसवा शब्द ‘रिफिल’. पिंप दुसऱ्यांदा भरलंय की चौथ्यांदा, हे त्यातून कळत नाही. दुसऱ्या खेपेचं पिंप अजून भरपूर व्हॅनिला देतं, चौथ्या खेपेचं जवळजवळ काहीच देत नाही. हॉग्सहेड हेसुद्धा बहुधा बर्बनच्या बॅरलच्या फळ्या सोडवून, नवी टोकं लावून मोठं बांधलेलं पिंप असतं. ‘शेरी’ म्हटलं की आज बहुतेक वेळा व्हिस्कीसाठीच मुद्दाम शेरी भरून मुरवलेलं पिंप समजावं. शेरीची वाहतूक लाकडी पिंपांतून होण्याचा काळ १९८० च्या दशकात संपला. आणि ‘फिनिश’ लिहिलेलं असेल तर किती महिने, किती मोठ्या पिंपात, हे शोधा. डंकन टेलरच्या ऑक्टेव्ह मालिकेसारखी बटाच्या एक अष्टमांश मापाची पिंपं असतात. त्यांत लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग खूप जास्त असल्याने काही महिन्यांत लाकडाची चव ठळक उतरते. ती वर बसते, आत मुरत नाही.

रंगावरून काहीही ठरवू नका. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनुसार पाणी आणि साधं कॅरमेल, म्हणजे ई१५०ए, एवढंच घालता येतं. अधिकृत बाटलीत कॅरमेल असू शकतं, स्वतंत्र बॉटलर सहसा घालत नाहीत. जर्मनीतल्या बाजारासाठीच्या लेबलावर कॅरमेल घातल्याचं लिहावं लागतं, तेव्हा तिथली बाटली हाती आली तर मागची चिठ्ठी वाचा. बारा वर्षं रिफिल हॉग्सहेडमध्ये राहिलेली व्हिस्की वाळल्या गवताच्या फिक्या रंगाची असणं अगदी बरोबर आहे.

डिस्टिलरीचं नाव नसलेल्या बाटल्यांबद्दल दोन शब्द. ‘सीक्रेट आयले’, ‘सीक्रेट ऑर्कनी’ ही नाव न छापण्याच्या अटीवर विकलेली सिंगल माल्ट असतात. बर्नसाइड, वॉर्डहेड, वेस्टपोर्ट या नावांचा प्रकार वेगळा. तिथे एका डिस्टिलरीच्या पिंपात दुसऱ्या डिस्टिलरीची चमचाभर व्हिस्की मुद्दाम घातलेली असते, म्हणजे कोणी मूळ नावाने विकू नये. बर्नसाइड म्हणजे बाल्वेनीत थोडी ग्लेनफिडिक. कायद्याने ती ब्लेंडेड माल्ट होते, चवीत फरक कळत नाही. स्टीशा हे मात्र बुनाहाभेन डिस्टिलरीच्या पीटवाल्या, म्हणजे पीट या दलदलीतल्या इंधनाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टच्या, सिंगल माल्टचं नाव आहे.

आता प्रत्यक्ष चाखणं. एका बैठकीला तीन ग्लास, फार तर चार. त्यापुढे नाक बधिर होतं आणि शेवटच्या ग्लासावर अन्याय होतो. प्रत्येकी १५ मिलिलिटर पुरतं. ४३ टक्क्यांच्या तीन ग्लासांत मिळून साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल जातं. त्याहून जास्त पोटात गेलं की तुम्ही चाखत नसून पीत असता. थुंकायला वेगळं भांडं ठेवायला लाजू नका, आणि त्यानंतर गाडी चालवू नका.

ग्लास ग्लेनकेर्नसारखा, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता, तिन्ही एकाच मापाचे. व्हिस्की ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा आणि कोंदट हवेचा वास धरून ठेवतात, आणि भांडी घासायच्या लिंबाच्या साबणाचा वास तर कल ईलाच्या स्वतःच्या लिंबाशी हुबेहूब मिसळून जातो. गरम पाण्याने नुसते विसळून, उघड्यावर वाळवून घ्या. घरात फोडणी, उदबत्ती, मच्छर घालवायची वडी, यातलं काहीही तासभर आधीपासून नको. लसणाची चटणी, कांदा, पान-सुपारी, मिंट यांनंतर दोन तास चाखू नका.

आपल्याकडच्या हवेचा प्रश्न मोठा आहे आणि स्कॉटलंडमध्ये लिहिलेल्या सूचनांत तो नसतो. मे महिन्यात नागपूर किंवा मुंबईच्या घरात ३२-३४ अंशांना ५७ टक्क्यांची व्हिस्की ग्लासात ओतली की अल्कोहोलची वाफ इतक्या जोराने वर येते की मागचं काहीच नाकाला लागत नाही. खोली २२ ते २४ अंशांवर आणा, बाटल्याही तासभर त्याच खोलीत ठेवा. पण एसीचा झोत अंगावर नको आणि पंखा पूर्ण बंद. पंख्याखाली ग्लासातला वास दहा सेकंदांत विखुरतो आणि मग प्रत्येकच व्हिस्की फिकी वाटते. बर्फ किंवा फ्रीज हा यावरचा उपाय नाही, थंडीने वास मरतो आणि थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीत धुरकटपणा येतो. ओतल्यावर ग्लासावर छोटी बशी झाकून १० ते १५ मिनिटं थांबा. जुन्या, २० वर्षांपुढच्या व्हिस्कीला अर्धा तास द्या.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, टक्केवारी समान करणं. घालायच्या पाण्याचं सूत्र सोपं: व्हिस्कीचं माप × (मूळ टक्के ÷ हवे असलेले टक्के − १). तुमच्या तीन बाटल्या ४३ वर आणायच्या तर अधिकृत बाटलीला काही नको. ४६ टक्क्यांच्या १५ मिलिलिटरमध्ये १ मिलिलिटर पाणी. ५७.४ टक्क्यांच्या १५ मिलिलिटरमध्ये ५ मिलिलिटर. पाणी आणि अल्कोहोल मिसळल्यावर आकारमान किंचित आकसतं, पण त्याने फरक टक्क्याच्या अंशाचाच पडतो, सोडून द्या. मोजायला औषधाच्या दुकानातली सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज उत्तम. थेंबांवर जाऊ नका, थेंबाचं माप ड्रॉपरप्रमाणे बदलतं.

याहून चांगली पद्धत म्हणजे आदल्या दिवशी करून ठेवणं. ५७.४ ची ६० मिलिलिटर घ्या, त्यात २० मिलिलिटर पाणी घाला, ८० मिलिलिटर मावेल अशाच छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. एक तर पाणी नीट मिसळून वास स्थिर होतो, आणि दुसरं म्हणजे चाखताना तिन्ही ग्लासांची पातळी सारखी राहते. पाणी कमी क्षारांचं, बाटलीबंद किंवा आरओचं, तिन्हींना तेच. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आयोडीनसारख्या वासाच्या व्हिस्कीत घोटाळा करतो, आणि बोअरवेलचं जड पाणी चवीला साबणासारखी बोथट कड आणतं.

पाण्याने इतका फरक का पडतो? पीटच्या धुराचा एक मुख्य घटक म्हणजे ग्वायाकॉल. २०१७ साली स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी पाणी, इथेनॉल आणि ग्वायाकॉल यांच्या मिश्रणाचं संगणकावर सिम्युलेशन केलं. ४५ टक्क्यांपर्यंत ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतो, ५९ च्या वर गेलं की इथेनॉलचे रेणू त्याला घेरतात आणि तो आत ओढला जातो. खऱ्या व्हिस्कीत शेकडो घटक असतात, त्यामुळे हे चित्र पुरं नव्हे. पण कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातल्या मूळ ताकदीवर भरलेल्या, कल ईलात पाणी घातल्यावर धूर कमी न होता उलट मोकळा होतो, या अनुभवाशी ते नेमकं जुळतं.

पाणी घातल्यावर ४६ टक्क्यांच्या खाली गेलेली, थंड करून न गाळलेली व्हिस्की कधीकधी गढूळ होते. लांब साखळीचे एस्टर पाण्यात विरघळेनासे होतात, त्याचा तो परिणाम. दोष मुळीच नाही. ४३ टक्क्यांवर विकली जाणारी बाटली सहसा असा गढूळपणा येऊ नये म्हणूनच थंड करून गाळतात.

समान टक्क्यांवर ओतल्यानंतर आधी तिन्ही ग्लास फक्त हुंगा, चाखू नका. तोंड किंचित उघडं ठेवा, ग्लास हनुवटीपासून हळूहळू नाकाकडे आणा, खोल श्वास न घेता दोन-तीन छोटे. पहिला-दुसरा-तिसरा, मग उलट्या क्रमाने तिसरा-दुसरा-पहिला. एकाच दिशेने फिरलं तर प्रत्येक ग्लास आधीच्याच्या तुलनेतच कळतो. नाक थकलं की स्वतःच्या मनगटाची आतली बाजू हुंगा. कॉफीच्या बिया हुंगण्याची पद्धत मला पटत नाही, तो स्वतःच एक जबर वास आहे.

वासांची नावं लिहिताना स्कॉटिश यादीतला हेदर किंवा गोर्स शोधत बसू नका. जो वास कधी घेतलाच नाही तो ओळखता येत नाही. कल ईलाच्या चांगल्या रिफिल पिंपात मला अपेक्षित असतं ते ताजं लिंबू, विझलेल्या चुलीची थंड राख, टिंक्चर आयोडीन, सुक्या बोंबलाची मिठाळ कड, हिरव्या पेरूची साल आणि मागे थोडा ओल्या मातीचा वास. शेरी आली की मनुका, काळा खजूर, काकवी, जायफळ, आणि कधी भाजलेल्या मांसाची चरबी. वास आपल्या घरातल्या शब्दांत लिहा. सहा महिन्यांनी तुमची वही तुम्हालाच वाचायची आहे. लिहितानाच ‘आहे’ आणि ‘किती’ हे वेगळे ठेवा. धूर शून्य ते पाच, गोडी शून्य ते पाच, लाकूड शून्य ते पाच, एवढे तीन आकडेही पुढच्या बैठकीशी तुलना करायला पुरतात.

मग चाखा. ३ ते ४ मिलिलिटरचा घोट तोंडात १० सेकंद फिरवा. पहिल्या घोटाची नोंद करू नका, तो फक्त जिभेला सावध करण्यासाठी. दुसऱ्यात तीन गोष्टी पाहा: जाडी, म्हणजे द्रव तेलकट वाटतो की पाण्यासारखा, मध्यभाग, म्हणजे सुरुवातीची गोडी आणि शेवटचा धूर यांच्यात काही आहे की पोकळ आहे, आणि गिळल्यानंतर चव किती वेळ राहते व कशी बदलते. फिनिश दिलेल्या व्हिस्कीचा सर्वांत नेहमीचा दोष मध्यभागातच सापडतो. वास भारदस्त, शेवट गोड, आणि मधे रिकामं. दोन घोटांच्या मधे पाणी आणि मीठ-मसाला नसलेली साधी पोळी किंवा पाव. खारे काजू-शेंगदाणे नकोत, मीठ कडूपणा झाकतं.

समान टक्क्यांची फेरी झाल्यावर कास्क स्ट्रेंथ बाटली तिच्या मूळ ताकदीवर चाखायला हरकत नाही. तिथे वेगळी मजा आहे. फक्त ती फेरी शेवटी ठेवा. पीट नसलेल्या व्हिस्की बैठकीत असतील तर त्या आधी, कमी धुराच्या नंतर, जास्त धुराच्या शेवटी. इथे आणखी एक गोष्ट. लेबलावरचा फिनॉलचा, म्हणजे धुराच्या घटकांचा, पीपीएम (दशलक्षांत किती भाग) आकडा बहुतेक वेळा माल्टमधला असतो, व्हिस्कीतला नव्हे. कल ईला आणि लागावुलिन या दोन्हींचं माल्ट पोर्ट एलनच्या माल्टिंग्जमधून, साधारण ३५ पीपीएमच्या आसपासचं. तरी कल ईला हलकी आणि स्वच्छ, लागावुलिन जड. फरक पडतो स्टिलचा आकार, ते किती भरतात आणि गाळताना स्पिरिटचा ठेवायचा भाग केव्हा तोडतात यांत. तेव्हा पीपीएमवरून चाखण्याचा क्रम लावू नका.

दोन बाटल्यांत खरोखर फरक आहे की लेबल पाहून वाटतोय, याची खात्री करायला त्रिकोणी चाचणीसारखं साधन नाही. दुसऱ्या कोणीतरी तीन ग्लास भरावेत, दोनमध्ये एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. ग्लासांना अ, ब, क न म्हणता ४७२, ८१५ असे कसेही आकडे द्यावेत, कारण पहिल्या अक्षराकडे आपला कल असतोच. रंग लपवायला ग्लासांना खालून कागद गुंडाळा. तुम्ही फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीवर काही ठरत नाही. सहा फेऱ्या करा. सहापैकी पाच किंवा सहा बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी असते. चार आले तर शक्यता १० टक्क्यांपर्यंत जाते आणि छातीठोक काही म्हणता येत नाही. प्रत्येक ग्लासात ५ मिलिलिटर, दोन किंवा तीन संध्याकाळी विभागून, आणि शक्यतो नाकानेच.

दोष ओळखताना घाई नको. जळलेल्या काडीचा वास ही गंधकाची हलकी खूण, ग्लासात २०-३० मिनिटांत बराच उतरतो. रबर किंवा शिजवलेल्या कोबीचा वास मात्र बहुतेक वेळा राहतो. तो रिकामी पिंपं टिकवण्यासाठी जाळलेल्या गंधकाच्या वातीतून येऊ शकतो, किंवा स्पिरिटमधूनच, विशेषतः मॉर्टलॅक, बेनरिनेस यांसारख्या वर्म टब (वाफ थंड करायची पाण्यातली वेटोळी नळी) वापरणाऱ्या डिस्टिलऱ्यांत, जिथे वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो. नेलपॉलिशचा वास पहिल्या पाच मिनिटांत असेल तर दुर्लक्ष करा, अर्ध्या तासाने असेल तर तो पिंपातलाच. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास म्हणजे बुचाचा दोष, आणि तो हवेने कमी न होता वाढतो. अशी बाटली विक्रेत्याला परत करावी. कडक उकळलेल्या चहासारखी जीभ ओढणारी तुरट कड ही जास्त लाकडाची, आणि पाणी घातलं की ती आणखी उघडी पडते. भिजवलेलं धान्य, कच्ची कणीक, ओलं गवत हे कच्चेपणाचं लक्षण. ८-९ वर्षं दमलेल्या पिंपात काढलेल्या व्हिस्कीत ते हमखास सापडतं, आणि धूर ते बऱ्यापैकी लपवतो. म्हणूनच कोवळी पीटवाली व्हिस्की बाजारात इतकी विकली जाते.

पॉल जॉन किंवा अमृत या भारतीय सिंगल माल्टवर जीभ घडली असेल तर एक सावधगिरी. आपल्याकडच्या उष्ण हवेत बाष्पीभवन स्कॉटलंडच्या कित्येक पट होतं आणि लाकडाची चव थोड्या वर्षांत भरपूर उतरते. त्यानंतर रिफिल पिंपातली स्कॉच पहिल्यांदा फिकी वाटणारच. तुमच्या दुसऱ्या बाटलीचं तेच झालं असावं. तिला समान टक्क्यांवर, शेरीवाल्या बाटलीच्या आधी, किमान दोन वेगळ्या दिवशी चाखा.

बाटलीची अवस्थाही पाहा. नुकती उघडलेली बाटली आणि तीन महिने अर्धी पडून असलेली बाटली यांची तुलना योग्य होत नाही. पीटचा वरचा तजेला आणि लिंबू आधी जातात, शेरीची गोडी टिकते. म्हणून बाटली उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात १०० मिलिलिटर छोट्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून, झाकणाला पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणासारखी पट्टी) लावून, अंधारात उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर जोरदार अल्कोहोल बूच खातं. पुढच्या तुलनेला हेच नमुने कामी येतात. बैठक संपल्यावर रिकामे ग्लास न धुता झाकून ठेवा आणि सकाळी हुंगा. रिफिल पिंपाच्या ग्लासात राख आणि धान्य उरतं, मुरलेल्या शेरीच्या ग्लासात मनुका आणि कोको, आणि घाईच्या फिनिशच्या ग्लासात नुसतं चिकट गोड लाकूड.

पुढची खरेदी कुठली? तिसऱ्या बॉटलरची आणखी शेरी फिनिश घेण्याऐवजी त्याच बॉटलरची रिफिल हॉग्सहेडमधली, त्याच सुमाराच्या वर्षी गाळलेली कास्क स्ट्रेंथ कल ईला घ्या. ती तुमच्या दुसऱ्या बाटलीशेजारी ४६ वर आणून ठेवली की लाकूड, वय आणि टक्के सारखे, फरक फक्त निवडीचा. १५ मिलिलिटरमध्ये ५७ वरून ४६ साठी साधारण ३.६ मिलिलिटर पाणी. तिथे ती चांगली निघाली तर त्या बॉटलरच्या निवडीवर भरवसा ठेवायला आधार मिळेल. या बाटल्या भारतात क्वचितच मिळतात, बहुतेक जण परदेशातून आणतात. येताना एका प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७० सेंटिलिटरच्या दोन आणि वर एखादी अर्ध्या लिटरची. विमानात ७० टक्क्यांपर्यंतचं मद्य चालतं, त्यामुळे कास्क स्ट्रेंथची अडचण नाही. महाराष्ट्रात स्पिरिटसाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो, तो काढलेला असू द्या. पूर्ण बाटलीआधी ३ ते ५ सेंटिलिटरचा नमुना मिळत असेल तर तोच आधी घ्या, कारण एका पिंपातली व्हिस्की संपली की ती पुन्हा मिळत नाही आणि शेजारच्या क्रमांकाचं पिंपही तिच्यासारखं असेलच असं नाही.